आमची वाटचाल : आधी दाखला, मग सॉफ्टवेअर

फोंड्यात २००६ साली आम्ही दुकान थाटले तेव्हा पाटीवर झेरॉक्स, डीटीपी आणि संगणक दुरुस्ती एवढेच लिहिले होते. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावी-बारावीच्या मुलांच्या घरी पोचलेले संगणक एव्हाना बिघडू लागले होते, आणि त्यांच्या दुरुस्तीवर आमचे पोट भरत असे. वर्षअखेरीस आसपासच्या हायस्कुलांची प्रगतिपत्रके छापण्याचे काम येई. शाळांच्या कार्यालयांत आमचा शिरकाव झाला तो या प्रगतिपत्रकांमुळे. गुणांची बेरीज करणारा एक लहानसा प्रोग्रॅम आम्ही स्वतःच लिहिला, त्याला हजेरी जोडली, पुढे फी जोडली, आणि हळूहळू त्याला 'विद्यार्थी माहिती प्रणाली' असे भारदस्त नाव देऊन आम्ही तो विकू लागलो. काही वर्षांनी तो आम्हाला पेलवेना, म्हणून बाहेरच्या एका कंपनीचे तयार पॅकेज घेऊन आम्ही त्याचे गोव्यातील विक्रेते झालो. ते पॅकेज आम्ही निवडले कसे, हे आज सांगतानाही ओशाळायला होते. कंपनीच्या माणसाने पणजीतील हॉटेलात तासभर पडद्यावर रंगीत आलेख दाखवले, जेवण दिले आणि आम्ही सही केली.

त्या निवडीची किंमत एका शाळेत चुकवावी लागली. तिथली जुनी एक्सेल यादी आम्ही नव्या पॅकेजमध्ये चढवली. पॅकेज तारीख अमेरिकी पद्धतीने वाचत असे, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, आणि हे आमच्या ध्यानात आले नाही. ५ ऑगस्टला जन्मलेली मुलगी त्यामुळे ८ मेची झाली. घोळ असा की ज्यांचा जन्म महिन्याच्या १२ तारखेनंतरचा, त्यांच्या तारखा उलटणे शक्यच नव्हते, कारण तेरावा महिना नसतो. त्यांच्यापुरत्या तारखा मुकाट्याने जशाच्या तशा राहिल्या. आम्ही पडताळणीसाठी दहा मुले निवडली आणि नेमकी त्यांतली बहुतेक महिन्याच्या उत्तरार्धातली निघाली. एका मुलाचा जन्म ७ जुलैचा होता, म्हणजे तोही उलटून सुलटच. सहा महिन्यांनी दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरताना हेडक्लार्क बाईंनी एका मुलीची तारीख रजिस्टरशी ताडून पाहिली म्हणून बरे झाले. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीची जन्मतारीख छापून आली असती, तर ती दुरुस्त करताना त्या घराच्या चपला झिजल्या असत्या. आम्ही आठवडाभर त्या कार्यालयात बसून एकेक तारीख मूळ रजिस्टरवरून पुन्हा भरली आणि त्या वर्षाची फी घेतली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी डिचोली, सत्तरी आणि फोंडा तालुक्यांत मिळून आठ शाळा चालवणाऱ्या एका शिक्षण संस्थेने आम्हाला बोलावले. आमच्याकडून काही विकत घ्यायला नव्हे, तर आठही शाळांसाठी एकच सॉफ्टवेअर निवडायला मदत करा, असे सांगायला. आमच्या धंद्याने खरे वळण घेतले ते इथे. संस्थेच्या एका सदस्यांचे नातेवाईक अमेरिकेत शिक्षक आहेत, त्यांच्याकडून तिथल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टचा निविदा-मसुदा आला होता आणि संस्थेला तोच वापरायचा होता. मसुदा मेहनतीने केलेला होता, परंतु तो दुसऱ्याच जगाचा होता. तिथला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातील सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा असते, तिचे मंडळ बहुधा निवडणुकीतून येते आणि सगळ्या शाळांसाठी सॉफ्टवेअर एकदाच घेतले जाते. आमच्या गोव्यातले जिल्हे शाळा चालवत नाहीत. इथे पर्वरीचे शिक्षण खाते, तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी आणि अनुदानित शाळा चालवणाऱ्या संस्था असा संसार आहे. कॅलिफोर्नियात शाळांचा निधी रोजच्या सरासरी उपस्थितीवर ठरतो, त्यामुळे तिथल्या सॉफ्टवेअरात हजेरीचा भाग अतिशय कसून केलेला असतो. आमच्याकडे वर्गात मुले किती आणि तुकडी टिकते की जाते, हा जिवाचा प्रश्न. त्या मसुद्यातले शाळेच्या बसचे प्रकरण मात्र आम्ही ठेवले, कारण बालरथात, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसमध्ये, कोणते मूल कुठे चढते आणि कुठे उतरते याची नोंद इथेही लागते.

मसुदा बाजूला ठेवून आम्ही त्या संस्थेच्या सर्वांत जुन्या हायस्कूलच्या कार्यालयात दोन दिवस नुसते बसून राहिलो. हेडक्लार्क बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. पहिल्याच सकाळी एक गृहस्थ आपल्या मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले, पान उघडले, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बघा, सातवीत मधूनच आली, मग बापाने आडनाव बदलून घेतले, मग एक वर्ष आजारपणात गेले. तुमचे सॉफ्टवेअर हिचा दाखला काढील काय?" आम्ही तो प्रश्न वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. पुढे निवडीसाठी आलेल्या पाचही कंपन्यांना आम्ही प्रात्यक्षिकाच्या आरंभी तीच ओळ, नाव-गाव बदलून, दिली आणि दाखला काढून दाखवायला सांगितले. तिघांना तो काढता आला नाही. त्यांच्या पॅकेजमध्ये नाव बदलले की जुने नाव पुसले जाई, आणि कोणत्या आदेशाने व कोणत्या तारखेला बदल झाला हे लिहायला जागाच नव्हती.

नावांचा विषय गोव्यात वेगळाच आहे. गावकर हे आडनाव रोमी लिपीत कोणी के लावून लिहितो, कोणी पोर्तुगीज वळणाने सी लावून. नाईक तर जुन्या कागदांत क्यू-यू-ईने संपतो. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे, रजिस्टरात तिसरे, आणि अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, काढायचा तर शाळेतले नाव आधारशी जुळले पाहिजे. तिन्ही नावे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवू देणारे पॅकेज आम्हाला हवे होते. देवनागरीचे दुखणे आणखी निराळे. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेल्या होत्या, त्या युनिकोडमध्ये आणताना रफार हमखास सरकतो आणि वेर्णेकर 'वेणर्ेकर' होऊन बसतात. पर्येकर, कुर्टीकर अशी रफाराची आडनावे आमच्याकडे थोडीथोडकी नाहीत. अकारविल्हे यादीचेही तसेच. निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावली, तर ळ हा ल च्या पाठोपाठ येतो आणि क्ष क मध्ये जाऊन बसतो. आपल्या वर्णमालेत दोघेही ह नंतरचे. वर्गात हजेरी घेणाऱ्या शिक्षिकेला हे पहिल्या दिवशी खटकते, विकणाऱ्याला कधीच खटकत नाही.

सरकारी माहितीचा भार २०२२-२३ पासून बदलला. त्याआधी यूडायस या केंद्राच्या शाळा-माहिती प्रणालीत शाळेची एकत्रित आकडेवारी भरली जाई, त्या वर्षापासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद द्यावी लागते आणि त्याला कायमचा शैक्षणिक क्रमांक मिळतो. गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे पाचवीच्या प्रवेशाच्या वेळी मुले एकदम शाळा बदलतात. जुन्या शाळेने यूडायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, मूल टाकल्याशिवाय नव्या शाळेला ते आपल्या यादीत ओढता येत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडून डिचोली-पेडण्यात येणाऱ्या मुलांच्या बाबतीत दोन राज्यांची कार्यालये गुंतलेली असतात. म्हणून प्रवेश झाला पण ड्रॉपबॉक्समधून आला नाही अशा मुलांची वेगळी यादी पॅकेजने रोज दाखवावी, ही अट आम्ही घातली. ती मान्य करायला सर्वांत स्वस्त कंपनी चटकन तयार झाली, सर्वांत महागडीने त्यासाठी वेगळे पैसे मागितले.

शैक्षणिक वर्षाची मोठी गंमत नंतर झाली. २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावीच्या वर्गांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले, त्याखालच्या वर्गांचे जूनमध्येच. पाचवी ते दहावीच्या एकाच हायस्कुलात दोन वर्षारंभ आले. ज्या पॅकेजमध्ये 'सर्वांना वरच्या वर्गात घाला' असे एकच बटण होते, त्यांची भंबेरी उडाली. आम्ही सुचवलेल्या पॅकेजमध्ये वर्गवार तारीख ठेवण्याची सोय होती. ती आम्ही दूरदृष्टीने मागितली होती असे सांगायला आवडेल, पण ती योगायोगाने होती.

सत्तरीच्या दोन शाळांमध्ये पावसाळ्यात दुपारी वीज जाते आणि तिच्या मागोमाग इंटरनेट. तिथे ऑफलाइन हजेरी घेऊन नंतर चढवता येते का, हे आम्ही कंपनीच्या कार्यालयात बसून नव्हे, तर जुलैत त्याच शाळेत राउटरची वायर काढून पाहिले.

सुरक्षेच्या बाबतीत आमचे डोळे उशिरा उघडले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील पॉवरस्कूल या मोठ्या कंपनीच्या ग्राहक-साहाय्य पोर्टलमध्ये कोणीतरी चोरलेल्या लॉगिनने शिरला आणि अनेक शाळांच्या विद्यार्थ्यांची व शिक्षकांची माहिती उतरवून घेऊन गेला. बातमी वाचून आम्ही प्रथम आमच्याच टेबलाकडे पाहिले. सगळ्या शाळांसाठी आमचा मदतीचा पासवर्ड एकच होता, आणि तो चौघांना पाठ होता. त्याच आठवड्यात तो मोडीत काढला. आता शाळेने मागितल्याशिवाय आम्हाला आत शिरता येत नाही आणि शिरलो की त्याची नोंद राहते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. शाळांनी प्रवेश अर्जातच त्याची व्यवस्था करून ठेवावी, असा आमचा आग्रह असतो, आणि पालकाची जात, उत्पन्न, फोन नंबर कोणाकोणाला दिसतो हे मुख्याध्यापकांनी स्वतः एकदा पडद्यावर पाहावे, असाही.

आज आम्ही कोणाचेच विक्रेते नाही. निवड करून देतो, माहिती हलवून देतो, त्याची फी घेतो, आणि कंपन्यांकडून दलाली घेत नाही, त्यामुळे उत्पन्न पूर्वीपेक्षा थोडे कमीच आहे. माहिती हलवण्याचे काम शक्यतो चवथीच्या सुट्टीत करतो आणि जन्मतारखा महिन्याच्या १ ते १२ मधल्याच तपासायला घेतो. प्रत्येक करारात एक पान असे असते की शाळा ते पॅकेज सोडून जाणार असेल, तर तिची संपूर्ण माहिती, फोटो आणि जुनी नावे धरून, साध्या एक्सेल फाइलींत तीस दिवसांच्या आत परत द्यावी. गेल्या वर्षी एका शाळेने आमची सेवा थांबवली आणि दुसऱ्यांकडे गेली. आम्ही पेनड्राइव्ह घेऊन कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिक बाईंनी तो संगणकाला लावला, फाइल उघडली, उठून कपाटातून जनरल रजिस्टर काढले आणि मधलेच एक पान उघडून म्हणाल्या, "थांबा जरा, आधी एक नाव जुळवून बघते."