क्वालालंपूरची संकष्टी

क्वालालंपूरच्या जुन्या वस्तीत जालान तुन एच. एस. ली नावाचा रस्ता आहे. त्यावर 1873 साली स्थापन झालेलं श्री महामारिअम्मनचं देऊळ आहे, आणि रस्ता ओलांडला की जवळपास समोरच 1888 सालचं ग्वान दी या युद्धदेवतेचं चिनी मंदिर. इकडे गोपुराखाली मोगऱ्याचे हार, नारळ, कापराचा वास. तिकडे छताला टांगलेल्या वेटोळ्यांच्या उदबत्त्या. चिनी मंदिरात चपला काढायची पद्धत नाही, तरी आईने सवयीने उंबऱ्याशीच काढल्या. तिथे झाडलोट करणारे एक वयस्क गृहस्थ होते. ते पुढे आले, वाकले, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून तिच्या चपला हाताने उचलून भिंतीकडेला नीट ठेवल्या. आई संकोचून "अहो, अहो" म्हणत राहिली. त्यांनी हसून आत जायची खूण केली.

आम्ही दोघी गेलो ते रमजानचे दिवस होते. ऐन उपवासाच्या महिन्यात कशाला जाता, खायला काय मिळणार, असं घरी चार जणांनी विचारलं होतं. आईचं शाकाहारी जेवण, त्यात तिचे वार आणि चतुर्थ्या. काळजी मलाही होतीच. आता वाटतं, या शहरातली माणसं ओळखायला त्याहून चांगला महिना मिळाला नसता.

शहराचं वय तसं फार नाही. 1857 साली क्लांगच्या राजा अब्दुल्लाने कथलाच्या शोधात 87 चिनी खाणकामगार नदीतून वर पाठवले. गोंबाक आणि क्लांग या नद्यांच्या संगमाशी ते उतरले आणि तिथून रान तुडवत आंपांगला गेले. त्यातले बरेचसे हिवतापाने गेले, पण कथील सापडलं आणि संगमावर बाजार उभा राहिला. मागाहून रेल्वे आली, रबराचे मळे आले, आणि त्यांच्यासाठी तामिळ मजूर आणले गेले. गावोगावचे मलय, सुमात्रा-जावाकडची माणसं, पंजाबी शिपाई, सिलोनहून आलेले कारकून, सगळे या एका चिखलाच्या काठावर येऊन राहिले. संगमावर आज 1909 साली बांधलेली मशीद जामेक आहे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, भोवती नारळाची झाडं. मागे काचेच्या इमारती उभ्या असूनही तिचा ठेंगणा डौल जराही कमी होत नाही.

पेट्रोनासचे 452 मीटरचे जुळे मनोरे पाहिले, ते रात्री खरोखर सुंदर दिसतात. बाटू गुहांच्या 272 पायऱ्याही आई न थांबता चढली. खाली मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, 42.7 मीटर उंच सोनेरी मूर्ती, वर चुनखडीच्या डोंगराच्या पोटात देऊळ. तैपूसमला, म्हणजे मुरुगनच्या सणाला, मारिअम्मनच्या देवळातून चांदीचा रथ निघतो तो इथवर येतो, आणि त्या दिवशी कावडी घेणाऱ्यांत चिनी भाविकही असतात. माकडांपासून मात्र पिशव्या सांभाळा.

आता संकष्टीच्या दिवसाबद्दल.

सकाळी टॅक्सी बोलावली ती एका मलय बाईंची निघाली. डोक्यावर निळा तुडुंग, म्हणजे रुमाल, आरशाला लटकवलेली तसबीह, म्हणजे जपमाळ. गाडीत बसताच मागे वळून त्यांनी विचारलं, नाश्ता झाला का? तिकडे हे विचारणं म्हणजे आपल्या "काय, बरं आहे ना"सारखं. मी इंग्रजीत म्हटलं, आईचा आज उपवास आहे. बाईंनी सिग्नलला पूर्ण वळून आईकडे पाहिलं. "पुआसा?" म्हणजे उपवास. "मुस्लिम?" नाही, हिंदू. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पाणी चालतं का? चालतं. सोडायचा कधी, मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला? नाही, चंद्र उगवल्यावर. चंद्र आज किती वाजता? आईने पंचांगाचं अ‍ॅप उघडून दाखवलं: रात्री दहाच्या आसपास. बाई हळहळल्या. आम्ही सव्वासात-साडेसातला सुटतो, तुमचा आमच्याहून मोठा! आई म्हणाली, छे, तुम्ही पाणीसुद्धा पीत नाही, तेही महिनाभर. माझा तर महिन्यातून एकदा. दोघींमध्ये दुभाषाचं काम करता करता मला जाणवलं, की यात कुणाला कसलंच नवल वाटत नाहीये. वेळापत्रक वेगळं, एवढंच. उतरताना बाई म्हणाल्या, संध्याकाळी काम्पुंग बारूला जा, तिथे हिला चालेल असं काहीतरी नक्की मिळेल.

काम्पुंग बारू ही 1900 साली ब्रिटिशांनी मलय लोकांसाठी राखून दिलेली वस्ती. आजही तिथे खांबांवर उभी लाकडी घरं आहेत, अंगणात केळी आणि कोंबड्या, आणि कौलांच्या मागे थेट पेट्रोनासचे मनोरे. विनाचालक मेट्रोने गेलात तर दोन्हींत एकाच स्टेशनाचं अंतर. चार वाजल्यापासून रस्त्याच्या कडेने रमजानचा बाजार लागतो. तंबूंखाली कोळशावरचे मासे, केळीच्या पानात बांधलेला नासी लमाक, उसाचा रस, गुलाबी सरबतांच्या बादल्या. गर्दी दाट, पण शांत. कुणी काही चाखत नाही. सगळे फक्त विकत घेतात आणि पिशव्या सांभाळत घरी नेतात.

तिथल्या मशिदीत रमजानभर बुबुर लाम्बुक नावाची मसाल्याची पेज मोठमोठ्या हंड्यांत शिजते आणि असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजानंतर येईल त्याला फुकट वाटतात. रांगेच्या बाजूने जाताना एका स्वयंसेवक मुलाने आईच्या हातात डबा ठेवला आणि लगेच, कपाळावरचं कुंकू पाहून, परत मागितला. "आंटी, यात मांस आहे." मग आत धावत जाऊन खजुराची पिशवी आणून दिली. रांगेतल्या कुणी कुरकुर केली नाही. वयाने शाळकरी असेल, पण काय द्यायचं यापेक्षा काय द्यायचं नाही हे त्याला आधी सुचलं. हे शिकवून येत नाही. रोज वेगवेगळं खाणाऱ्या शेजाऱ्यांत वाढावं लागतं.

पुढे उकडलेला उबी कायू मिळाला, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, वर ओलं खोबरं. रताळीही होती. आईचं फराळाचं काम झालं. पण तिचा पाय अडला तो पलीकडच्या ठेल्यापाशी. हिरव्यागार गोळ्या खोबऱ्यात घोळवून मांडलेल्या: ओन्दे-ओन्दे. चिकट तांदळाची पिठी पांडानच्या पानांच्या रसात मळतात, आत गुला मलाका म्हणजे माडाच्या गुळाचा खडा भरतात, गोळी उकळत्या पाण्यात सोडतात आणि वर तरंगली की खोबऱ्यात लोळवतात. तांदूळ, गूळ, नारळ. आईने मला कोपराने ढोसलं: "अगं, हे तर मोदकच!"

नैवेद्याला हे चालेल का, यावर तिचा एकच प्रश्न होता, कुणी चाखलं तर नाही ना? ठेल्यावरच्या मावशी साठीच्या असतील, हात कोपरापर्यंत खोबऱ्याने माखलेले. मी जमेल तसं समजावलं, की देवापुढे ठेवायचं आहे आणि त्याआधी कुणी खाल्लेलं चालत नाही. त्यांनी हात पुसले. म्हणाल्या, मी पहाटेपासून उपाशी आहे, करताना जिभेला काही लावलेलं नाही, गोड किती झालंय तेही मला अजून माहीत नाही. मग मांडलेल्या ताटाला हात न लावता नवीन घाणा काढला आणि कोऱ्या डब्यात भरून तो आईला दिला. पाच रिंगिट घेतले, वर दोन गोळ्या जास्त.

मला मुंबईत सोवळ्याचा इतका निर्मळ नैवेद्य कधी मिळाला असेल असं वाटत नाही.

काम्पुंग बारूचं नाव आणखी एका कारणाने घेतलं जातं. 13 मे 1969 ला, निवडणुकीनंतर, मलय आणि चिनी लोकांत उसळलेल्या दंगलीची सुरुवात याच भागातून झाली. त्यानंतर 1971 मध्ये आलेल्या नव्या आर्थिक धोरणाने मलय आणि इतर मूळनिवासींना शिक्षणात, नोकऱ्यांत, व्यवसायात जास्तीचं स्थान दिलं, आणि त्याबद्दलची खंत चिनी आणि तामिळ लोकांच्या बोलण्यात आजही उमटते. ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीत केळीच्या पानावर जेवताना शेजारच्या टेबलावरचे एक निवृत्त तामिळ शिक्षक आमच्याशी यावर शांतपणे, आवाज न चढवता बरंच बोलले. मुलगा शिकायला बाहेर गेला, तिकडेच राहिला. तरी स्वतः इथून हलणार नाहीत. "माझे सगळे दोस्त इथे आहेत," म्हणाले. दोस्तांची नावं त्यांनी सांगितली त्यांत मलय, चिनी, तामिळ अशा तिन्ही समाजांची माणसं होती. म्हणून या शहराच्या गोडव्याला मी भाबडेपणा म्हणणार नाही. काय घडू शकतं ते पाहिलेल्या माणसांनी तो जपलाय.

संकष्टीच्या त्या संध्याकाळी कोर्ट हिलच्या गणपतीला गेलो. जालान पुडू लामावरचं हे छोटंसं देऊळ 1897 पासूनचं. तामिळ लोकही ही चतुर्थी पाळतात, संकटहर चतुर्थी म्हणून, त्यामुळे अभिषेकाला ही गर्दी. दुर्वांचे हार विकायला होते. आमच्या पुढे कामावरून थेट आलेली एक चिनी मुलगी होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. तिने सराईतपणे नारळ फोडला, कान धरून उठाबशा काढल्या, मग प्रदक्षिणा. आईने तिच्या हातात आपल्या हारातल्या चार दुर्वा दिल्या. तिने त्या पाकिटात घातल्या.

पायरीवर बसलेल्या तामिळ बायकांनी आईला सरकून जागा दिली. कुठून आलात, मुलं किती, चंद्र दिसेल का. आकाश ढगाळ होतं. त्यातल्या एकीने दिवाळीचं सांगितलं. तिकडे सणाला घर उघडं ठेवतात, रुमा तरबुका: ईदला मलय घरी, नववर्षाला चिनी घरी, दिवाळीला यांच्या घरी, ओळखीचे-अनोळखी सगळे येऊन जेवून जातात. त्यांच्याकडे त्या दिवशी स्वयंपाक दोन ठिकाणी होतो. एका टेबलावर फक्त शाकाहारी, आणि दुसऱ्यावरचं मटण-कोंबडी हलाल दुकानातूनच आणायचं, कारण शेजारचं मलय कुटुंब पहिल्यांदा येतं. गोमांस आणि डुक्कर दोन्ही नाही. "मग सगळ्यांना कुठेही हात घालता येतो," बाई म्हणाल्या.

दहा वाजून गेल्यावर ढग थोडे फाटले. आईने हॉटेलच्या खिडकीत डबा उघडला, चंद्राला अर्घ्य दिलं, आणि पहिली हिरवी गोळी तोंडात टाकताच आतला गूळ फुटून हनुवटीवर आला.

"पुढच्या वेळी दिवाळीत येऊ," तोंड पुसत ती म्हणाली. "देवळातल्या त्या बाईंना आपली भाजणीची चकली द्यायची आहे. तिकडे मुरुक्कू तांदळाच्या पिठाचा करतात म्हणे."