तुम्ही विचारलंत म्हणून: आधी एक अख्खा हंगाम द्या

"मॅडम, पदवी होत आली. आता पुढे काय?"

मी गव्हाच्या पैदाशीवर काम करते हे कळलं की कृषीचे आणि जीवशास्त्राचे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागोमाग बाकीचे येतात: एमएस्सी कशात करू, पीएचडी केलीच पाहिजे का, परदेशी जाऊ का, कंपनीत गेलं तर संशोधन सुटेल का. या सगळ्यांकडे येतेच, पण माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे. अर्ज भरत सुटण्याआधी एका पिकाच्या एका प्रयोगाला अख्खा हंगाम द्या. पेरणीपासून ते शेवटचा आकडा तपासून होईपर्यंत. मधे पंधरा दिवस येऊन प्रमाणपत्र घेऊन जाणं यात धरत नाही.

असं सांगते, कारण आपल्या क्षेत्रातल्या पदांची नावं वाचून दिवसभर काय करावं लागतं याचा पत्ता लागत नाही. 'संशोधन सहायक' म्हणजे कुणासाठी सूक्ष्मदर्शकापुढे बसणं, कुणासाठी उन्हात रोपांची उंची मोजणं, तर कुणासाठी महिनोन्महिने संगणकावरचे तक्ते साफ करणं. एका प्रयोगाच्या हंगामात यातलं बहुतेक सगळं तुमच्या हातून जातं आणि आपलं मन कुठे लागतं ते तुमचं तुम्हालाच कळतं.

माझ्या कामातलंच एक उदाहरण देते. गव्हाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे दोन वाणांचा संकर करायचा तर मादी वाणाच्या ओंबीतले परागकोश पिकण्याआधी काढून टाकावे लागतात. ओंबी पोटरीतून बाहेर आली की तिच्यापाशी बसायचं. टोकाच्या आणि बुडाच्या कणिशिका, म्हणजे ओंबीवरचे फुलांचे छोटे झुपके, काढायच्या. उरलेल्या प्रत्येक कणिशिकेतली मधली फुलं चिमट्याने उपटायची, बाजूची दोन ठेवायची, त्यांच्या तुसांची टोकं कात्रीने छाटायची आणि एकेका फुलातले तिन्ही परागकोश अलगद बाहेर काढायचे. ते हिरवे असतील तर तुम्ही वेळेत आहात. पिवळे दिसले तर ती ओंबी सोडून द्यायची, कारण पराग आधीच सांडलेला असू शकतो. मग बटर पेपरची पिशवी चढवायची, तिच्यावर तारीख आणि वाणाचं नाव पेन्सिलीने लिहायचं, कारण शाई पावसात आणि दवात पसरते. दोन-तीन दिवसांनी मादी फुलाचे तुरे पिसासारखे उमलले की नर वाणाचा पराग आणायचा.

हे करताना काही मुलामुलींना मान अवघडल्याचंही भान राहत नाही. काहींना तासाभरात कळून चुकतं की हे आपलं काम नाही. दोन्ही गोष्टी पदवीच्या दुसऱ्या वर्षात कळल्या तर किती बरं! पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात कळल्या तर फार जड जातात.

पुढे त्याच शेतात तांबेरा या बुरशीजन्य रोगाची नोंद घ्यायची असते. पानाचा किती टक्के भाग फोडांनी व्यापला आहे आणि ते फोड लहान, भोवती पिवळं कडं असलेले आहेत की मोठे, भरभरून बीजाणू सांडणारे, हे डोळ्यांनी ठरवून फील्डबुकात लिहायचं. एकाच पानाला एक जण २० टक्के म्हणतो, दुसरा ४०. दोघांनी शेजारी उभं राहून आपापले डोळे जुळवून घ्यावे लागतात. ज्यांना यात रस वाटतो त्यांनी वनस्पती रोगशास्त्राकडे जरूर पाहावं. युगांडात १९९८ मध्ये खोडावरच्या तांबेऱ्याची एक नवी जात सापडली. तिला पुढे यूजी-९९ नाव पडलं. तोवर जगभरच्या अनेक वाणांना राखून असलेलं एक प्रतिकारक जनुक तिच्यापुढे निष्प्रभ ठरलं. तेव्हापासून देशोदेशी तांबेऱ्याचे नमुने गोळा करणं, ते ओळखणं, वाऱ्याची दिशा पाहून इशारे देणं हे काम सतत चालू आहे, आणि त्याला पान वाचता येणारी माणसं लागतात.

आता आकडेमोडीबद्दल, कारण जीवशास्त्राची बरीच मुलं गणित टाळण्यासाठी इकडे आलेली असतात. आज वापरात असलेल्या संख्याशास्त्राचा मोठा भाग शेतातच जन्मला आहे. इंग्लंडमधलं रोथॅमस्टेड हे १८४३ साली सुरू झालेलं प्रयोगक्षेत्र. तिथे साठलेल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींचा अर्थ लावायला १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर आले. प्रयोगातले प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक का लावायचे आणि उत्पादनातला फरक खताचा की जमिनीचा हे वेगळं कसं काढायचं, याची रीत त्यांनी तिथे बसवली. त्याआधी विल्यम गॉसेट यांनी गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करताना थोडक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची पद्धत शोधली आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली. तीच आजची टी-टेस्ट. स्वतः मळणी करून, स्वतः वजन करून आणलेले आकडे असले की हेच संख्याशास्त्र सोपं वाटू लागतं, कारण कोणता प्लॉट पाणी साचून बसला होता हे तुम्हाला ठाऊक असतं. 'आर' ही संगणकभाषा फुकट मिळते. आपल्याच हंगामाच्या आकड्यांवर ती शिकावी.

हंगामातून माणूस कुठे कुठे जाऊ शकतो? वाणांची पैदास, रोग, कीटक, माती या वाटा सगळ्यांना ठाऊक असतात. कमी ठाऊक असलेल्यांपैकी बियाणे तपासणी मला फार मोलाची वाटते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उगवणशक्तीच्या एका चाचणीला ४०० बिया लागतात, साधारणपणे शंभर-शंभरच्या चार गटांत. ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या दिवशी रोपं मोजायची आणि प्रत्येक रोप नीट वाढणारं की विकृत, हे एकेक करून ठरवायचं. कोंब आला म्हणजे बी चांगलं असं नव्हे. मुळाचं टोक खुंटलेलं असलं तर ते रोप शेतात तग धरत नाही. या निवाड्यावर बियाण्याची अख्खी लॉट विकली जाते किंवा अडवली जाते. इथे पीएचडी लागत नाही. नजर आणि सचोटी लागते. जगभर याच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत.

वनस्पती विलगीकरणाचं कामही तसंच. बंदरावर किंवा विमानतळावर आलेल्या रोपांत, फळांत, लाकडात कोणती कीड लपून आली आहे ते ओळखायचं आणि ती देशात शिरली तर काय होईल याचा अंदाज लिहायचा. कीटकशास्त्र शिकलेल्यांना हे काम माहीतच नसतं, याचं मला वाईट वाटतं. कीटकनाशकं आणि नव्या वाणांच्या मंजुरीसाठी कागदपत्रं तयार करणारे, अन्नप्रक्रियेत सुरक्षिततेची तपासणी करणारे, बौद्धिक संपदेवर काम करणारे, पीकविम्यासाठी उत्पादनाचा अंदाज बांधणारे हे सगळे आपल्यातलेच. उपग्रहांच्या चित्रांवर काम करायचं असेल तर युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह पिकांची चित्रं १० मीटरच्या बारकाव्याने देतात आणि ती कुणालाही फुकट मिळतात. पण त्या चित्रातला पिवळा ठिपका म्हणजे नत्राची कमतरता, पाण्याचा ताण की पिकायला आलेलं शेत, हे सांगायला ते शेत पायाखालून घातलेला माणूसच हवा.

जनुकपेढ्यांचं, म्हणजे पिकांच्या नानाविध वाणांचं बी जपून ठेवणाऱ्या संस्थांचं, काम तर मला मनापासून आवडतं. सिरियातल्या अलेप्पोजवळ इकार्डा या आंतरराष्ट्रीय संस्थेची मोठी जनुकपेढी होती. युद्धामुळे तिथलं काम चालवणं अशक्य झालं. सुदैवाने तिथल्या बियाण्यांचे बरेच नमुने आधीच नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या, २००८ मध्ये उघडलेल्या बीजभांडारात पाठवलेले होते. २०१५ मध्ये त्या भांडारातून पहिल्यांदाच बी परत मागवलं गेलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं गेलं आणि २०१७ मध्ये नव्या बियांचे नमुने पुन्हा भांडारात ठेवले गेले. पेटीवर खूण करणं, ओलावा मोजणं, कोणतं बी कधी पुन्हा पेरायचं याची वही राखणं, हे ज्यांनी वर्षानुवर्षं नेटाने केलं त्यांच्यामुळे हे शक्य झालं. अशा कामाला पुरस्कार क्वचित मिळतात. तरी ज्यांना नीटनेटकेपणाची आवड आहे त्यांनी हे क्षेत्र डोळ्यांपुढे ठेवावं.

पदवीचं नाव काय, यावर मुलं फार अडून बसतात. नॉर्मन बोरलॉग यांची पहिली पदवी वनशास्त्रातली, डॉक्टरेट वनस्पती रोगशास्त्रातली, आणि १९७० चा शांततेचा नोबेल मिळाला तो गव्हाच्या पैदाशीसाठी. बार्बरा मॅक्लिंटॉक वनस्पतिशास्त्र शिकल्या, मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके वर्षानुवर्षं पाहत राहिल्या आणि जनुकं जागा बदलतात हे त्यांनी दाखवलं. १९८३ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल त्यांना मिळाला. म्हणून 'बायोटेक्नॉलॉजी घेऊ की ॲग्रॉनॉमी' याची चिंता जरा कमी करा. विभागाचं नाव पाहण्यापेक्षा तिथे कोणता प्रयोग चालू आहे, मार्गदर्शक विद्यार्थ्यांना वेळ देतात का, आधीचे विद्यार्थी आता कुठे आहेत, हे विचारून घ्या. कृषीच्या मुलांनी जनुकशास्त्र आणि संगणक यांची भर घालावी. जीवशास्त्राच्या मुलांनी शेताची. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला मी डोळे झाकून निवडेन.

पीएचडी? स्वतंत्रपणे संशोधन चालवायचं असेल, पैदासकार म्हणून कार्यक्रम सांभाळायचा असेल, शिकवायचं असेल तर करा. इतर बऱ्याच कामांना चांगली एमएस्सी पुरते आणि त्या चार-पाच वर्षांत तुम्ही कामात खूप पुढे गेलेले असता. केलीत तर स्वतःच्या खिशातून करू नका. युरोपातल्या अनेक देशांत पीएचडीचा विद्यार्थी पगारी कर्मचारी असतो. अमेरिकेत विज्ञानाच्या शाखांत बहुधा शिक्षणशुल्क माफ होऊन वर निर्वाहभत्ता मिळतो. एमएस्सीसाठी इरास्मुस मुंडुससारखे अभ्यासक्रम दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकवतात आणि निवडक विद्यार्थ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देतात. फिलिपिन्समधली भाताची इरी, मेक्सिकोतली गहू-मक्याची सिमिट, पेरूमधली बटाट्याची सिप, हैदराबादजवळच्या पाटनचेरूची कोरडवाहू पिकांची इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्था प्रबंधासाठी विद्यार्थी घेतात. परदेशी जाण्याचा हा मार्ग मला सर्वांत सरस वाटतो, कारण तिथे तुम्ही वर्गात कमी आणि शेतात जास्त असता.

या सगळ्या ठिकाणी शेवटी एका माणसाला पत्र लिहावं लागतं. 'आदरणीय सर, मी मेहनती आहे आणि मला आपल्या नामांकित संस्थेत संधी हवी आहे' अशी पत्रं रोज येतात. त्यांना उत्तर जात नाही, कारण उत्तर देण्यासारखं त्यांत काही नसतं. जिला उत्तर गेलं अशा एका मुलीचं पत्र पाच-सहा ओळींचं होतं. 'मी अमुक शोधनिबंध वाचला, त्यात उशिरा पेरलेल्या प्लॉटमध्ये दाण्याचं वजन घटलं आहे पण दाण्यांची संख्या घटलेली नाही, असं का झालं असावं. मी एक हंगाम हरभऱ्याच्या प्रयोगावर होते, नोंदी आणि विश्लेषण मी केलं, तक्ता सोबत जोडला आहे. जूनपासून मोकळी आहे.' पत्रात वाचन होतं, प्रश्न होता, हाताने केलेलं काम होतं आणि तारीख होती. तो तक्ता एका हंगामाशिवाय जोडता आला नसता.

हा हंगाम मिळवायचा कसा, तेही सांगते. जवळच्या संशोधन केंद्रात, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर किंवा बियाणे कंपनीच्या चाचणी शेतावर पेरणीच्या दोन-तीन महिने आधी जा. पीक उभं राहिल्यावर गेलात तर प्लॉट आणि कामं वाटून झालेली असतात आणि तुमच्या वाट्याला फक्त तण काढणं येतं. जाताना चार गोष्टी विचारा. प्रयोगाचा प्रश्न काय आहे? माझ्याकडे कोणती नोंद पूर्णपणे सोपवाल? आकडे मला विश्लेषणासाठी मिळतील का, आणि काही छापलं गेलं तर माझं नाव येईल का? भत्ता किंवा निदान राहण्या-जेवणाची सोय आहे का? शेवटचा प्रश्न विचारताना लाजू नका. महिनोन्महिने फुकट राबवून घेणाऱ्या जागी शिकायला मिळेलच असं नाही, आणि ज्यांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांना असा हंगाम परवडतही नाही. अशा मुलांनी प्रबंधाचा किंवा अनुभवासाठी ठेवलेल्या सत्राचा काळ याला जोडून घ्यावा. अभ्यासक्रमात ती तरतूद बहुतेक ठिकाणी असते आणि मार्गदर्शक तयार असले तर ते सत्र पिकाच्या तारखांप्रमाणे मागेपुढे करता येतं. त्यासाठीचा अर्ज विभागप्रमुखांकडे आधीच्या सत्रातच द्या.