सारंगखेड्याला घोड्या नेताना

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत तिथला नावाजलेला घोडेबाजारही. यंदा आमच्या पागेतल्या बिजली आणि चांदणी या दोन घोड्या तिथे न्यायच्या आहेत. पुण्याहून नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा असा हा सुमारे साडेचारशे किलोमीटरचा रस्ता आहे. गाडीत नुसता उभा असलेला घोडा विश्रांती घेत असतो, हा समज मला फार घातक वाटतो. प्रत्येक वळणावर आणि ब्रेक लागताना तो चारही पायांवर तोल सावरत असतो, त्यामुळे प्रवासातला प्रत्येक तास त्याच्यासाठी श्रमाचा असतो. म्हणूनच तयारीला महिनाभर आधी लागावे, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त वेळ गाडीत चढण्याच्या सवयीला द्यावा लागतो. मातीचा पक्का उतार करून त्याला गाडी लावून ठेवायची, आत चंदीचा, म्हणजे धान्याच्या खुराकाचा तोबरा (तोंडाला बांधायची पिशवी) दाखवायचा आणि घोडी स्वतःहून पाय ठेवीपर्यंत थांबायचे. ती निर्धास्तपणे आत-बाहेर करू लागली की फाळका (गाडीचे मागचे झाकण) लावायचा, मग इंजिन सुरू करायचे आणि त्यानंतर गावाबाहेरपर्यंत एक फेरी मारून आणायची. घाईने आणि चाबकाच्या धाकाने चढवलेली घोडी कदाचित जाताना चढेलही; परतीच्या वेळी, यात्रेच्या गर्दीत आणि ढोल-ताशांच्या आवाजात, ती अडून बसली तर दोष तिचा नसतो.

दुसरी गोष्ट मान बांधण्याची. घोडा चरताना मान खाली घालतो आणि त्यामुळे श्वासनलिकेत साचलेला कफ व धूळ बाहेर पडते. तासन् तास मान वर बांधून ठेवली तर तीच घाण जंतूंसह फुफ्फुसांकडे उतरते आणि प्रवासानंतर एक-दोन दिवसांत ताप, खोकला, कधी जीवघेणा न्यूमोनियाही होतो. यासाठी आम्ही दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून दोर सैल करतो आणि मान पुरेशी खाली जाऊ देतो. वाळलेले गवत पाण्यात भिजवून देतो, म्हणजे धूळ उडत नाही आणि पोटात थोडे पाणीही जाते.

पाण्याची काळजी तितकीच मोठी आहे. घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागते, पण परक्या गावच्या पाण्याचा वास वेगळा आला की तो तोंड फिरवतो. पाणी कमी पडले की आतड्यातला चारा घट्ट होऊन पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे पोटातला ताण त्या वाटेने हलका होत नाही. यावर आमचा उपाय सोपा आहे: आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यायचा, म्हणजे वाटेत कुठलेही पाणी तीच चव देऊन पाजता येते. घरचे पाणीही कॅनमध्ये भरून घेतो.

गाडीच्या बाबतीत 1978 चे प्राणी वाहतुकीचे नियम स्पष्ट आहेत आणि ते मला मनापासून पटतात. तळाला पाय घसरू न देणारे आच्छादन हवे, दोन जनावरांच्या मध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचे बांबू हवेत, तोंडे डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर हवीत, सोबत माणूस हवा आणि वेग ताशी 35 किलोमीटरपेक्षा जास्त नको. या वेगाने साडेचारशे किलोमीटरला तेरा तास लागतात, शिवाय थांबे वेगळे. त्यामुळे आम्ही सिन्नर परिसरात मुक्काम ठरवला आहे. तिथे दोघींना उतरवून रात्रभर मोकळे ठेवायचे. चंदनापुरी आणि चांदवडजवळच्या राहुड घाटात उतरताना ब्रेक अलगद लावायचा, हे चालकाला आधीच सांगून ठेवले आहे. तळाला रबरी मॅटवर भाताचे तूस पसरणार आहोत, कारण कडक फरशीवर अंगावर शिंतोडे उडतात म्हणून अनेक घोडे लघवी रोखून धरतात.

प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी ही कामे लवकर उरकावीत. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही, म्हणून अहवाल हातात असल्याशिवाय घोडी गाडीत चढवणार नाही. नालबंदी निघण्याआधी आठवडाभर करून घ्यावी, म्हणजे एखादा खिळा टोचत असेल तर घरीच कळते. निघण्याच्या आदल्या दिवसापासून चंदी निम्मी करून गवत वाढवायचे.

पोहोचल्यावर लगेच खोगीर चढवायचे नाही. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून नोंद ठेवायची. 99 ते 101 अंश फॅरनहाइट ठीक, त्यावर गेला की पशुवैद्यकाला बोलवायचे. बादल्या, तोबरे आणि खरारे (अंग घासायचे ब्रश) घरचेच वापरायचे, आणि बाजारातल्या सामाईक हौदावर दोघींना पाण्यासाठी न्यायचे नाही, हे मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसालाही बजावले आहे.