भावावर ३०२ लागलं तेव्हा : बचावाची बाजू कशी उभी राहिली

माझ्या मोठ्या भावावर खुनाचा गुन्हा दाखल झाला तेव्हा जुना कायदा, म्हणजे भारतीय दंड संहिता होती, म्हणून कलम ३०२. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. कलमांचे आकडे बदलले तरी बचावाची रीत तीच आहे. ज्यांच्या घरावर ही वेळ आली आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

अटकेनंतर नातेवाईक जमले आणि जो तो तोडगा सांगू लागला. तो त्या रात्री मामाकडे होता असं सांगू, साक्षीदाराला भेटून येऊ, असं बरंच काही. वकीलसाहेबांनी दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे तोडल्या. साक्षीदाराकडे कुणी गेलं तर नवा गुन्हा ओढवेल आणि जामीनही हातचा जाईल. शिवाय ‘मी तिथे नव्हतोच’ असा बचाव घेतला की तो आरोपीलाच सिद्ध करावा लागतो आणि खोटा ठरला तर त्याच्याच विरोधात जातो. दादा त्या संध्याकाळी मयताबरोबर होता, हे खरं होतं. ते लपवायचं नाही, असं ठरलं.

दुसरा मार्ग खुनाच्या व्याख्येतल्या अपवादांचा. अचानक उद्भवलेलं भांडण, गंभीर आणि आकस्मिक चिथावणी, किंवा स्वसंरक्षण करताना मर्यादा ओलांडली जाणं, यांत खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येऊ शकतो आणि शिक्षा कमी होते. पण मग वार आपल्या हातून झाला हे धरून चालावं लागतं. दादा पहिल्यापासून सांगत होता, मी मारलेलं नाही. “ताई, दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणार नाही,” वकीलसाहेब म्हणाले. “पुरावा परिस्थितीजन्य आहे, वार होताना कुणी पाहिलेलं नाही. आपण पुराव्यांची साखळी तपासायची.” शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली हेच सांगितलं आहे : साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यताच उरू नये.

दोषारोपपत्र ९० दिवसांच्या आत आलं, त्यामुळे मुदत टळल्याचा, म्हणजे दोषारोपपत्र वेळेत न आल्यास हक्काने मिळणारा जामीन मिळाला नाही. सत्र न्यायालयानेही जामीन फेटाळला. दादा कच्चा कैदी म्हणून, म्हणजे निकाल लागायच्या आधीच, आतच राहिला.

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. ती घरच्यांनी ओळ न् ओळ वाचावी, असं मी कळकळीने सांगेन. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, पण आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून आमच्या खटल्यात निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याची पंचांसमोरची नोंद, हाच सरकार पक्षाचा मुख्य आधार होता. चाकू जप्त झाला तो कुणीही येऊ-जाऊ शकेल अशा उघड्या जागेवरून. पंचनाम्यात मुद्देमाल सीलबंद केल्याचा उल्लेखच नव्हता. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणत होता : रक्त मानवी, रक्तगट अनिश्चित. म्हणजे ते मयताचंच होतं, हे ठरत नव्हतं.

खरी लढाई झाली ती उलटतपासात, म्हणजे आमच्या वकिलांनी सरकारी साक्षीदारांना प्रश्न विचारले तेव्हा. शेजारच्या साक्षीदाराने सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगितलं, दिव्याच्या उजेडात दोघांचं भांडण पाहिलं. त्याच्या पोलीस जबाबात ना भांडण होतं ना दिवा. वकीलसाहेबांनी आवाज न चढवता एकेक वाक्य समोर ठेवलं. उत्तर आलं, “मी पोलिसांना तसं सांगितलं होतं. जबाबात का नमूद नाही, याचं कारण मला सांगता येणार नाही.” माझ्या मते खटला इथेच फिरला. पण एवढ्यावर भागत नाही. तीच वगळलेली वाक्यं पुढे तपासी अंमलदाराला विचारून सिद्ध करून घ्यावी लागतात, नाहीतर युक्तिवादात त्यांचा उपयोग होत नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यातही दिव्याचा खांब नाही, हे अंमलदारांनी मान्य केलं.

सरकारी साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१३, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१. तिथे शपथ नसते आणि गप्प राहण्याचा हक्क असतो. अनेकजण प्रत्येक प्रश्नाला ‘खोटे आहे’ एवढंच म्हणतात. दादाने मात्र सांगितलं की आम्ही एकत्र होतो, उसने पैसे परत दिले आणि स्टँडपाशी वेगळे झालो. मयताबरोबर शेवटचं कुणी पाहिलं, या मुद्द्यावर गप्प राहणं महागात पडलं असतं. उलटतपासात साक्षीदारांनाही हेच सुचवलेलं होतं, त्यामुळे ते ऐनवेळी रचलेलं वाटलं नाही.

संशयाचा फायदा देऊन दादाची निर्दोष मुक्तता झाली. लगेच सहा महिन्यांचा बंधपत्र-जामीन द्यावा लागला, कारण सरकार पक्ष अपिलात गेला तर वरच्या न्यायालयात हजर राहावं लागतं. त्या धावपळीत निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज राहून जाऊ देऊ नका. नोकरी, पासपोर्ट, पोलीस पडताळणी, सगळीकडे तीच मागतात. आणि वकिलाची फी परवडत नसेल तर कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. दादाच्या बराकीतल्या दोघांना तो दादानेच अर्ज लिहून मिळवून दिला.