पद्मिनीची वायरिंग नवी का नाही टाकली?

मामांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी पाहायला जो येतो, तो बॉनेट उघडलं की हमखास विचारतो, ‘अहो, एवढी खटपट केलीत, मग सगळी वायरिंग नवीनच का नाही टाकली?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी अकरा वर्षं उभी होती. इंजिन महिन्याभरात सुरू झालं. वायरिंगने मात्र पाच महिन्यांचे रविवार घेतले. पहिल्या वायरमननेही तेच सांगितलं होतं, ‘सगळं ओढून काढू.’ मी तयारही होतो.

पण डॅशबोर्डखाली आडवा पडून एकेक जोड सोडवायला लागलो तेव्हा कळलं, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली मूळ वायर बरीचशी शाबूत आहे. बिघडलंय ते नंतरचं. टेप, पंखा, जादा हॉर्न, फॉगलाइट, प्रत्येकासाठी कुणीतरी चालू वायर मधेच सोलून तिच्यावर दुसरी गुंडाळलेली. जोडावरची चिकटटेप उन्हाने वितळून काळा चिकटा झालेली आणि आत तांबं हिरवंगार, कळकलेल्या भांड्यासारखं. असे सतरा जोड निघाले. ते कापले, तिथे नवीन तुकडे क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत घालून पक्कडीने दाबून, घातले. नुसतं सोल्डर केलं असतं, तर गाडीच्या हादऱ्याने वायर नेमकी सोल्डरच्या कडेला तुटते.

खरा छळ डाव्या बाजूने मांडला. इंडिकेटर टाकला की पार्किंगचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकायचा आणि हेडलाइट पिवळट. मी स्विच बदलला, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलला. शेवटी हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या अर्थ वायरवर, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरवर, धरली. तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवं. दिसले 1.6 व्होल्ट! रंगकाम करताना मडगार्डवरच्या अर्थच्या स्क्रूखालीही रंग बसला होता. करंटला परतायची वाट मिळेना, म्हणून तो शेजारच्या दिव्यातून वाट काढत होता. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून लखलखीत केली, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवलं, वर व्हॅसलीन लावलं. त्या संध्याकाळी शेडच्या भिंतीवर दोन्ही दिवे सारखे पांढरे पडले, तेव्हा मला मामांना हाक मारावीशी वाटली.

व्होल्टेज दहा टक्के कमी झालं, तर साध्या बल्बचा उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून मंद हेडलाइट दिसला की बल्ब बदलण्याआधी अर्थ बघा. मी 60/55 वॅटचे बल्ब लावलेत. अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, दोन्ही मिळून दहा अँपिअर ओढतात, तेवढे जुन्या स्विचमधून न्यायला माझं मन धजेना. तिथे रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घातला, बॅटरीकडून फ्यूजसकट वेगळी वायर दिली.

मूळ हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा जुडगा, ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी तेच मोठं. त्याच्या वायरींचे रंग कंपनीच्या वायरिंगच्या नकाशाशी जुळतात. हाताशी मिळेल त्या दोन रंगांत सगळं भरलं, तर उद्या माझी मुलगी ही गाडी उघडेल तेव्हा तिने कशावरून ओळखायचं?

नवी वायर मी घातलीच नाही असं नाही. एक्झॉस्टजवळची हातभर वायर बोटाभोवती वळवली तर वरचं आवरण तडकत होतं. ती सगळी काढली, पण त्याच रंगांची शोधून घातली. तुमच्या गाडीत जागोजागी असंच तडकत असेल, तर मात्र खुशाल पूर्ण हार्नेस बदला.