डोमेनचा भाव

आज दुपारभर एका डॉट कॉम डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, मालकाशी घासाघीस चालली होती. ताईच्या मसाल्यांसाठी हवंय. साइटवर काही नाही, नुसती 'विक्रीस आहे' अशी पाटी. त्याने सांगितले दोन हजार डॉलर, मी तीनशे म्हटलं. तासभर गडी गप्प. मग उत्तर आलं, "परवाच याहून मोठी ऑफर आली होती." ही परवाची ऑफर जागेच्या एजंटकडेही कायम तयार असते!

२०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला गेलं. तेव्हापासून ज्याच्या खिशात एखादं बरं नाव आहे, तो हवेतच असतो.

लिलावाच्या वाटेला मी जात नाही. बऱ्याच ठिकाणी अगदी शेवटी बोली लागली की वेळ पुन्हा पाच मिनिटांनी वाढतो. समोर कोण आहे ते कळत नाही, आणि खुमखुमीत आपण ठरवलेला आकडा कधी ओलांडतो तेही नाही.

शेवटी साडेसातशेवर जमलं. पैसे एस्क्रोत, म्हणजे मधल्या त्रयस्थाकडे राहतील, डोमेन आपल्या खात्यात आलं की मगच त्याला मिळतील. आता एस्क्रोची फी कुणी भरायची यावर गाडी अडलीय. अर्धी-अर्धी म्हटलंय. बघू काय म्हणतो.