मान खरा रॅकूनचा

दरवर्षी २ फेब्रुवारीला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात भल्या पहाटे गर्दी जमते. उंच काळ्या टोप्या घातलेली मंडळी एका ग्राउंडहॉगला, म्हणजे बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या गुबगुबीत प्राण्याला, सगळ्यांसमोर धरतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर, असा निकाल जाहीर होतो. १८८७ पासून हे चाललंय. सोहळ्याला माझी काहीच हरकत नाही, फक्त मान भलत्यालाच मिळतोय असं वाटतं. ग्राउंडहॉग म्हणजे अस्सल कुंभकर्ण. थंडीच्या आधीच बिळात शिरतो, अंग थंडगार पडतं, एरवी मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके पाच-सातावर येतात. अशा गड्याला बाहेरच्या हवेचं काय विचारायचं! विचारायचं तर रॅकूनला विचारावं, डोळ्यांवर काळी पट्टी असलेल्या त्या ढोलीत राहणाऱ्या निशाचराला. तो हिवाळाभर दुसरं करतो काय?

बर्फ पडला की रॅकूनही शीतनिद्रेत जातो, असा पुष्कळांचा समज आहे. तो जात नाही. त्याचं अंग ऊबदारच राहतं, ठोकेही फारसे मंदावत नाहीत. तो नुसता झोपतो, आणि तीही श्वाननिद्रा. कडाक्याची थंडी आणि भुसभुशीत बर्फाचा थर असेल तर दिवसच्या दिवस, उत्तरेकडे तर आठवडेच्या आठवडे ढोलीबाहेर पडत नाही. पारा थोडा वर सरकला की त्याच रात्री बाहेर. पुन्हा गारठा वाढला की परत आत. हिवाळ्यात असं कितीदा होईल ते हवेवर.

यात आळस मुळीच नाही. पाय आखूड, त्यामुळे खोल बर्फात चालायचं तर पोट घासत जायचं. बेडूक, किडे, फळं, त्याच्या आवडीचं जवळजवळ सगळंच गायब झालेलं. बाहेर पडून जेवढं मिळेल त्याहून जास्त चरबी शोधण्यातच जळणार असेल, तर पडून राहिलेलं परवडतं. ही चरबी तो शरदात ओकची फळं आणि मका खाऊन साठवतो. बसून खाल्लं तर कुबेराचं धनही पुरत नाही म्हणतात. याची चरबी मार्चपर्यंत जेमतेम पुरते. उत्तरेकडचे काही रॅकून तर शरदातलं जवळजवळ निम्मं वजन घालवून वसंतात बाहेर पडतात.

एरवी एकलकोंडा म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी थंडीत शेजार सहन करतो, हे मला फार आवडतं. त्या वर्षीची पिल्लं बहुधा आईजवळच हिवाळा काढतात. एकाच जागी अंगाला अंग लावून अनेक रॅकून झोपलेलेही सापडतात. मिनेसोटात एका हिवाळी आसऱ्यात तब्बल २३ निघाल्याची नोंद आहे. एकमेकांच्या कुशीत शिरलं की ऊब वाढते आणि चरबी कमी जळते. प्रेमाचा भाग त्यात किती, कोण जाणे.

तो रात्री येऊन गेला की नाही, हे सकाळी बर्फ सांगतो. कॅनडातल्या टोरांटोत भर जानेवारीतही मधेच एखादी कमी गारठ्याची रात्र येते. दुसऱ्या दिवशी मेपलच्या बुंध्यापासून कचऱ्याच्या हिरव्या पेटीपर्यंत ठशांची रांग उमटलेली असते. कुत्र्यामांजरासारखे गोल ठसे नव्हेत. पाच लांब बोटं सुटी सुटी, एखाद्या बाळाने तळवा टेकवावा तशी. मागच्या पायाचा ठसा पुढच्या विरुद्ध पायाच्या शेजारी, अशा जोड्या. पेटीपाशी मात्र सगळा गोंधळ: बर्फ तुडवलेला, झाकणाच्या कडेवर पंजे फिरवल्याच्या खुणा. अंधारात तो बघण्यापेक्षा चाचपतो जास्त. मेंदूतला स्पर्श जाणणारा मोठा हिस्सा पुढच्या पंजांच्याच दिमतीला असतो. शहराने २०१६ मध्ये खास त्याच्यासाठी फिरत्या कडीच्या पेट्या आणल्या. त्याही काहींनी उघडल्या, म्हणजे शिक्षण वाया गेलेलं नाही.

आता गंमत बघा. तिकडे ग्राउंडहॉगची सावली मोजली जात असते, साधारण त्याच सुमारास रॅकूनचे नर ढोल्या धुंडाळत निघालेले असतात. वीण जानेवारीअखेर सुरू होते. तिला ऊब लागत नाही. दिवस लांबू लागला एवढं पुरतं. म्हणजे वसंताची बातमी यांना टोपीवाल्यांच्या आधीच मिळालेली असते. नऊएक आठवड्यांनी, एप्रिल-मेमध्ये, पिल्लं होतात, आणि पोकळ झाड मिळालं नाही तर कुणाच्या तरी माळ्यावर किंवा धुराड्यात.

म्हणून छतातलं भोक बुजवायचं असेल तर घाई नको. पिल्लं आत अडकली तर आई छप्पर उचकटायला कमी करत नाही. आत कोणी आहे का हे पाहायची एक जुनी युक्ती आहे: भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर खोचून ठेवायचा आणि दोन-तीन रात्री वाट बघायची. बोळा हलला नाही तर जागा रिकामी. पण थंडीच्या लाटेत हे करण्यात अर्थ नाही. तेव्हा आतला गडी आठवडाभर बाहेर पडतच नाही, बोळा जागच्या जागी राहतो आणि आपण खुशाल पत्रा ठोकून मोकळे होतो. ही परीक्षा बर्फ वितळायला लागल्यावरच घ्यावी.